जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्या आवृत्तीचे पैसे कसे मागायचे?

"एक डाव पैसे देल्ले ना भाऊ, आता आनखी कायचे?" पांढरकवड्याकडच्या एका कृषी केंद्रवाल्या काकांनी मला फोनवर विचारलं. बियाणं-खताच्या उधारीची खातेवही ठेवणारं माझं ॲप त्यांनी अगदी सुरुवातीला विकत घेतलं होतं. दोन वर्षं खपून मी ते नव्यानं लिहिलं. काकांचं म्हणणं रास्त होतं, पण माझंही घर त्यावरच चालतं.

सीडीच्या काळात हा पेच नव्हता. जुना सिरियल नंबर दाखवला की नवी आवृत्ती कमी दरात मिळायची. जिनिंगच्या मुनीमजींना टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची रीत पाठ आहे: परवाना कायमचा, पण अपडेट हवे असतील तर दरवर्षी टीएसएस, म्हणजे टॅलीची वार्षिक वर्गणी, भरायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली, तेव्हा टीएसएस चालू असलेल्यांना वेगळे पैसे पडले नाहीत.

ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्स घेऊन उघडलं. एकदा घ्या, पुढचे सगळे अपडेट फुकट, अशी तिथली रीत पडली. गिऱ्हाइकाचं भलं झालं, पण जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत नवी आवृत्ती विकायची सोयच ठेवली नव्हती. २००९ मध्ये ट्विटर वापरायच्या 'ट्विटी' ॲपची नवी आवृत्ती, 'ट्विटी २', वेगळं ॲप म्हणून पूर्ण किमतीला आलं आणि जुने वापरणारे भडकले. २०१४ मध्ये आयफोनच्या आयओएस ८ प्रणालीबरोबर बंडल आलं, म्हणजे अनेक ॲप्स एका किमतीत एकत्र विकायची सोय. मग काहींनी जुनं-नवं ॲप एकत्र बांधलं. जुन्याला दिलेले पैसे त्या बंडलच्या किमतीतून वजा होत. सोय आडवळणाची, पण चालायची.

२०१६ मध्ये ॲपलनं सगळ्या प्रकारच्या ॲप्सना सबस्क्रिप्शनची मुभा दिली आणि पहिल्या वर्षानंतर आपला वाटा ३० टक्क्यांवरून १५ वर आणला. तेव्हापासून पुष्कळ जण तिकडे वळले. मला ती वाट आमच्या भागासाठी पटत नाही. मृगात दुकानदाराचा सगळा पैसा कास्तकारांकडे उधारीत अडकलेला असतो. त्या महिन्यात खात्यातून आपोआप पैसे कापले जाणं त्याला परवडत नाही.

उरते ती ॲपमधली खरेदी. ॲप फुकट उतरवून घ्यायचं, नवा भाग पैसे भरून उघडायचा. ॲपलच्या पावतीत गिऱ्हाइकानं पहिल्यांदा कोणती आवृत्ती घेतली तेही नोंदलेलं असतं, त्यावरून जुना माणूस ओळखता येतो. आमच्याकडे मात्र बहुतेकांचे फोन अँड्रॉइडचे. गुगल प्लेवर एकदा फुकट केलेलं ॲप पुन्हा विकतचं करता येत नाही, म्हणून फुकट करण्याआधीच मी जुन्या खरेदीदारांची यादी सर्व्हरवर नोंदवून ठेवली.

काकांची जुनी वही तशीच चालू आहे, एकही नोंद हललेली नाही. पैसे फक्त नव्या वसुली-यादीचे आणि जीएसटीच्या हिशेबाचे, तेही जुन्यांना निम्मे. ही सवलत मी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ठेवतो; कापूस मोजला जातो आणि उधारी वसूल होते ती त्याच दिवसांत.