चांदीपुरा व्हायरस

चांदीपुरा व्हायरस म्हणजे लहान लेकरांना मेंदूज्वर करणारा एक व्हायरस, रेबीजच्याच खानदानातला, मायक्रोस्कोपमध्ये बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा. नाव पडलं नागपूरकडच्या चांदीपुऱ्यावरून, त्यामुळे दर पावसाळ्यात टीव्हीवर "चांदीपुराचा कहर" अशी पट्टी फिरली की गुजरात-तेलंगणावाल्यांना वाटतं हा तिकडचाच कुठला तरी गाव असेल, पण नाही, हे आपलंच माहेर.

गोष्ट 1965 ची. नागपुरात तेव्हा तापाची मोठी साथ आली होती, घरटी माणसं आजारी अन सांधे धरलेले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (1952 ला सुरू झालेलं, 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आताची एनआयव्ही) रक्ताचे नमुने तपासले तर मुख्य गुन्हेगार निघाला चिकनगुन्या, सोबत डेंग्यूही होता. पण दोन पेशंटच्या रक्तात या दोघांशी न जुळणारं तिसरंच काहीतरी सापडलं, तोच हा चांदीपुरा. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये तो नवा व्हायरस म्हणून छापून आणला. म्हणजे शोधत होते एकाला अन हाती लागला दुसराच. साथीच्या अभ्यासात हे बरेचदा होतं, म्हणून मुख्य कारण सापडलं की उरलेले नमुने फेकून द्यायचे नसतात.

नंतर बरीच वर्षं याला कोणी फारसं मनावर घेतलं नाही, साधा ताप आणणारा व्हायरस अशीच समजूत होती. मग 2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात (तेव्हा तेलंगणा वेगळा नव्हता) 329 लेकरं आजारी पडली त्यातली 183 गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त, अन नमुन्यांत निघाला हाच. त्या वर्षी विदर्भातही केसेस झाल्या. 2007 मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली, 78 केसेस नोंदल्या गेल्या, त्यात चाळीस टक्क्यांच्या वर मृत्यू. आजाराचा वेगच भयानक आहे, सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी झटके, मग बेशुद्धी, अन कित्येक लेकरं एक-दोन दिवसांत हातातून जातात.

आता मुद्दा पसरण्याचा, अन इथेच सगळ्यांचा घोळ होतो. कोरोनाने आपल्याला सवय लावली की पेशंट सापडला की त्याच्या संपर्कातले शोधा, क्वारंटाईन करा. चांदीपुरा माणसाकडून माणसाला सहज जात नाही, याला पसरवते वाळूमाशी म्हणजे सॅन्डफ्लाय. म्हणून एका गावात एकच केस, मग दहा कोस दूर दुसरी, अशी विखुरलेली साथ दिसते अन कोणाचा कोणाशी काही संबंध लागत नाही. इथे संपर्काची यादी करून फायदा नाही, घराच्या भिंती बघाव्या लागतात.

वाळूमाशी डासापेक्षा खूपच बारकी, दोन-तीन मिलिमीटरची, पंख उभे धरून बसते, उंच उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते अन गुणगुण तर अजिबात करत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत येते. डासासारखी पाण्यात वाढत नाही, तिच्या अळ्या ओलसर मातीत, गोठ्यात, शेणामातीच्या कचऱ्यात वाढतात, अन मोठी माशी दिवसा कुडामातीच्या भिंतींच्या भेगांत बसून असते. म्हणजे नागपुरात डेंग्यूसाठी कूलरचं पाणी काढा म्हणून घरोघर सांगत फिरतात ते अगदी बरोबर, पण चांदीपुऱ्यासाठी कूलर कोरडा ठेवून काही होत नाही. एकाच साथीत सापडलेले व्हायरस, पण यायचे रस्ते वेगळे.

माशीचा अभ्यास कसा करतात हे बघण्यासारखं आहे. कीटकवाले पहाटे टॉर्च घेऊन गोठ्यात शिरतात, भेगेवर उजेड टाकायचा अन नळीने माशी ओढून घ्यायची, किंवा कागदाला एरंडेल तेल चोपडून तो रात्रभर भिंतीजवळ ठेवायचा, सकाळी त्यावर माश्या चिकटलेल्या सापडतात. एका माणसाने एका तासात किती पकडल्या यावर घनता ठरते. मग त्या चिरडून त्यात व्हायरस आहे का हे तपासतात. लॅबमध्ये असंही दिसलंय की माशी हा व्हायरस अंड्यांतून पुढच्या पिढीला देऊ शकते, त्यामुळे पेशंट नसतानाही तो टिकून राहत असावा.

माणसांच्या बाजूने पीसीआर (थेट व्हायरसचा अंश शोधणारी) अन अँटिबॉडीची (शरीराने व्हायरसविरुद्ध तयार केलेली प्रथिनं शोधणारी) टेस्ट असते. रक्तात व्हायरस थोडेच दिवस राहतो, नमुना उशिरा घेतला की पीसीआर निगेटिव्ह येते अन केस "संशयित" म्हणूनच राहते. म्हणून 2024 च्या गुजरात साथीचे आकडे वाचताना सांभाळा: जागतिक आरोग्य संघटनेने 15 ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूज्वराचे 245 पेशंट अन 82 मृत्यू सांगितले, पण त्यातले चांदीपुरा पक्का ठरलेले 64 च. पेपरवाले हे सगळं एकाच टोपल्यात टाकतात. दुसरीकडे साथीच्या भागात मोठ्या माणसांच्या रक्तात याच्या अँटिबॉडी बऱ्यापैकी सापडतात, म्हणजे लहानपणी कधीतरी न कळत होऊन गेलेला, अन बहुतेक म्हणूनच मार पंधरा वर्षांखालच्या लेकरांना बसतो.

लस नाही, खास औषध नाही, झटके थांबवणं अन मेंदूची सूज सांभाळणं एवढंच डॉक्टरांच्या हातात, त्यामुळे लेकराला झटका आला तर गावात वेळ न घालवता सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. प्रतिबंध म्हणजे भेगा लिंपणं, गोठा घरापासून लांब ठेवणं, अंगभर कपडे, बारीक जाळीची मच्छरदाणी, अन भिंतींवर टिकणाऱ्या औषधाची फवारणी. गल्लीतून धूर सोडत जाणारी गाडी पोरांना लय आवडते, पण भेगेत बसलेल्या माशीपर्यंत तो धूर फारसा पोचत नाही.