टंगस्टन हेवी अलॉय (पावडरपासून सिंटरिंगपर्यंत)

टंगस्टन हेवी अलॉय म्हणजे साधारण ९० ते ९८ टक्के टंगस्टन आणि उरलेलं निकेल-लोखंड नाहीतर निकेल-तांबं. घनता १७ ते १८.५ ग्रॅम प्रति घनसेंमी, शिसं बिचारं ११.३ वरच थांबतं. टेबल टेनिसच्या बॉलएवढा भरीव गोळा केला तर अर्ध्या किलोच्या वर भरतो.

नावात अलॉय असलं तरी हे कोणी वितळवून साच्यात ओतत नाही. टंगस्टन वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला, तोवर निकेल-लोखंडाची वाफ झालेली असते, म्हणून पावडरी मिसळायच्या, दाबायच्या आणि भट्टीत भाजायच्या, या भाजून घट्ट करण्यालाच सिंटरिंग म्हणतात. ही पद्धत १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये बसली, तेव्हा कॅन्सरच्या उपचारासाठी वापरायच्या रेडियमभोवती किरण अडवणारं जड आवरण हवं होतं आणि धातुशास्त्रज्ञ स्मिथेल्स आणि सहकाऱ्यांनी टंगस्टन-निकेल-तांब्यावर काम केलं, त्यांचा गाजलेला पेपर १९३८ चा.

पावडर बनते पिवळ्या टंगस्टन ऑक्साइडवर गरम हायड्रोजन सोडून. यात खरी गंमत पाण्याच्या वाफेची आहे: रिअॅक्शनमध्ये वाफ तयार होते आणि ती थरात अडकून राहिली की टंगस्टन तिच्याबरोबर उडून शेजारच्या कणांवर बसतो, कण जाड होतात. म्हणून बारीक पावडर हवी असेल तर ट्रेमध्ये थर पातळ ठेवायचा आणि हायड्रोजन कोरडा, भरपूर सोडायचा. पण बारीक पावडरीचे नखरेही तेवढेच. गुठळ्या होतात, हवेतला ऑक्सिजन पटकन धरते, आणि टंगस्टनचे कण कडक असल्यामुळे प्रेसमध्ये चेपत नाहीत, त्यामुळे दाबलेला तुकडा भाजण्याआधी जपूनच हाताळावा लागतो.

भट्टीतही हायड्रोजन सोडलेला असतो, आणि पावडरीवरचं ऑक्साइड त्याच्याशी मिळून वाफ होऊन जायला आधी वेळ द्यावा लागतो. छिद्रं बंद झाल्यावर आत पाण्याची वाफ तयार झाली तर ती बाहेर कशी पडणार, तुकड्याला फोड येतात. बारीक पावडरीचा फायदा इथे दिसतो, निकेलच्या मदतीने तुकडा द्रव तयार व्हायच्या आधीच बराचसा आकसून घट्ट होतो. मग १४६०-१५०० अंशांच्या आसपास निकेल-लोखंड वितळतं, त्यात थोडा टंगस्टन विरघळतो, आणि मोठा मासा लहान माशाला खातो तसं चालू होतं: छोटे कण विरघळतात, त्यांचा टंगस्टन मोठ्या कणांवर जाऊन बसतो. शेवटी मायक्रोस्कोपखाली दिसतात ३०-४० मायक्रॉनचे गोलसर दाणे आणि मधे धातूचा चिवट लगदा. म्हणजे सुरुवातीला दोन-तीन मायक्रॉनच्या बारीक पावडरीसाठी एवढा आटापिटा केला आणि भट्टीने तो पुसून टाकला! म्हणूनच तापमान आणि वेळ दोन्ही कमीत कमी ठेवायची धडपड असते.

टंगस्टनचं प्रमाण कमी, म्हणजे द्रव जास्त, असं झालं की तुकडा स्वतःच्याच वजनाने बसकण मारतो, खालून फुगतो. गुरुत्वाकर्षणच नको म्हणून १९९० च्या दशकात कोलंबिया स्पेस शटलवर असे नमुने भाजून पाहिले, तर तिथेही आकार बिघडलाच, फक्त आता गोलाकडे झुकून.

भट्टीतून काढल्यावर काम संपत नाही. हायड्रोजन आत शिरलेला असतो आणि त्याने धातू ठिसूळ होतो, म्हणून व्हॅक्यूममध्ये किंवा आर्गॉनमध्ये परत तापवून पटकन थंड करतात. निकेल आणि लोखंड बहुतेक वेळा ७:३ ठेवतात, प्रमाण फार हललं की ठिसूळ संयुगं तयार होतात. तांब्याचा प्रकार चुंबकाला चिकटत नाही, पण ताकदीला कमी पडतो.

वापर विमानांच्या काउंटरवेटपासून डार्टच्या बाणांपर्यंत, आणि रेडिओथेरपी मशीनमधल्या किरण अडवणाऱ्या पट्ट्यांतही. भारतात यावर हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू-संशोधन प्रयोगशाळेने काम केलंय आणि तिरुचिरापल्लीला रणगाडाभेदी गोळ्यांसाठी याचाच कारखाना आहे. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजं सापडलेली आहेत.