स्वस्त रडार डिटेक्टर घेताना आधी त्याची गाळणी बघा

पोलिसांची रडारगन गाडीवर मायक्रोवेव्ह लहरी सोडते. गाडीवर आपटून परतणाऱ्या लहरींची वारंवारता किंचित बदललेली असते आणि त्या फरकावरून वेग कळतो. २४.१५ गिगाहर्ट्झची गन असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने समोरून येत असेल, तर हा फरक सुमारे ४,५०० हर्ट्झचा असतो. अशी गन जवळ असल्याची चालकाला आधी सूचना देणारा, गाडीत लावायचा डिटेक्टर यातले काहीच मोजत नाही. तो फक्त ओळखीच्या वारंवारतेची लहर आली की ओरडतो.

त्यामुळे त्याचे काम गनपेक्षा सोपे आहे. गनच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन गनकडे परत यायचे असते, डिटेक्टरला मात्र ती एकेरी प्रवासातच मिळते. अंतर दुप्पट झाले की गनकडे परतणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो, तर डिटेक्टरपाशी पोचणारी लहर चौथ्या हिश्श्यावर. म्हणूनच बऱ्यापैकी मध्यम दर्जाचा डिटेक्टरही मोकळ्या सरळ रस्त्यावर गनला वेग मिळण्याच्या बराच आधी वाजतो. जाहिरातीतल्या मोठमोठ्या पल्ल्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत ते यासाठीच.

स्वस्त यंत्राची खरी अडचण वेगळी आहे. रडारगन मुख्यतः तीन पट्ट्यांत चालतात: १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक्स बँड, २४ च्या आसपासचा के बँड आणि ३३.४ ते ३६ मधला केए बँड. यातला एक्स आता बऱ्याच ठिकाणी जवळजवळ वापरात नाही. के बँडमध्ये मात्र गर्दी आहे. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे याच पट्ट्यात बोलतात आणि कित्येक गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही, म्हणजे आरशात न दिसणारी शेजारची गाडी हेरणारे सेन्सर. शेजारच्या लेनमध्ये अशी एक गाडी आली की साधा डिटेक्टर ती पुढे निघून जाईपर्यंत केकाटत राहतो. दोन-चार दिवसांत चालक आवाज बंद करतो, आणि मग खरी सूचनाही कानावर येत नाही.

तेव्हा बजेट कमी असेल तर तीन गोष्टींवर अडून बसा. पहिली, गाड्यांच्या सेन्सरचे सिग्नल ओळखून गाळणारा फिल्टर, आणि तो पुढे अपडेट करण्याची सोय. जुना, सेकंडहँड, एकेकाळी महागडा असलेला डिटेक्टर इथेच मार खातो, कारण तो बनला तेव्हा रस्त्यावर एवढे सेन्सर नव्हते. दुसरी, जीपीएस. त्यामुळे नेहमीच्या वाटेवरच्या दरवाजांची जागा आणि वारंवारता दोन्ही लक्षात ठेवून यंत्र तिथे गप्प राहते, त्याच जागी वेगळी वारंवारता आली तर मात्र वाजते. तिसरी, पडद्यावर नेमकी वारंवारता आकड्यांत दिसणे. केए बँडवर ३३.८, ३४.७ किंवा ३५.५ च्या जवळचा आकडा दिसला, तर तो सहसा खराच समजावा. पुढे-मागे दिशा दाखवणारे बाण उपयोगी असतात, पण त्यांना दोन अँटेना लागतात आणि किंमत चढते. पहिल्या खरेदीत ते सोडले तरी चालेल. ‘१६ बँड, ३६० अंश’ असे छापलेल्या अतिस्वस्त डब्यांच्या वाटेला जाऊ नका. गनच्या पट्ट्याच मोजक्या असतात, आणि अशा यंत्रांची केए बँडवरची संवेदना बहुधा कमकुवत निघते.

मायक्रोवेव्हऐवजी लेसरच्या झोताने वेग मोजणाऱ्या लेसर गनपुढे कोणताही डिटेक्टर तोकडा पडतो. तिचा झोत ३०० मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो, तो नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर रोखला जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग मोजून होतो. लेसरची सूचना आली म्हणजे बहुधा मोजमाप झालेले असते. दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढणारी यंत्रणा लहरीच सोडत नाही; तिथे पकडण्यासारखे काही नसतेच.

बसवण्यात होणारी चूक चांगल्या यंत्रालाही आंधळे करते. डिटेक्टर रस्त्याला समांतर हवा, समोर वायपर किंवा काचेची गडद पट्टी नको. काचेवर उष्णता अडवणारा धातूचा मुलामा असेल तर लहरी आत येत नाहीत. अशा अनेक काचांवर आरशाजवळ टोल टॅगसाठी बिनमुलाम्याची जागा सोडलेली असते, तिच्यामागे लावा. डॅशकॅमला चिकटवून लावू नका, काही कॅमेऱ्यांच्या गोंगाटाने खोट्या सूचना येतात. वायर फ्यूजबॉक्समधून घ्यायची तर चावी काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

तुमच्या भागात एक्स बँड वापरात नसेल तर तो बंद करा. शहरात सिटी मोड लावा. बहुतेक यंत्रांत तो एक्स आणि केची संवेदना कमी करतो, केएची तशीच ठेवतो. रिकाम्या महामार्गावर केएचा क्षणभराचा हलका बीप आला आणि थांबला, तरी वेग उतरवा. गन सतत चालू न ठेवता पुढच्या गाडीवर नुसती झटक्यात दाबली की असाच आवाज येतो, आणि पुढची पाळी तुमची असू शकते.

पैसे देण्याआधी कायदा तपासा. अमेरिकेत खासगी गाडीत बहुतेक राज्यांत डिटेक्टर चालतो, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी.सी.त चालत नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत आणि फ्रान्समध्ये तो निषिद्ध आहे. रडारला गोंधळवणारा जॅमर ही वेगळी वस्तू आहे. अमेरिकेत तो केंद्रीय कायद्यानेच बेकायदा आहे.