खाद्यकीटक, पाळीव सरीसृपांचे

पाली, सरडे आणि इतर कीटकभक्षी पाळीव सरीसृपांना खाऊ घालण्यासाठी मुद्दाम पैदास केलेले कीटक. घरगुती रातकिडा, डुबिया झुरळ, टोळ, मीलवर्म व सुपरवर्म (दोन्ही भुंगेऱ्यांच्या अळ्या), मेणपतंगाची अळी, रेशीमकिड्याची अळी आणि ब्लॅक सोल्जर माशीची अळी हे त्यांतले नेहमीचे प्रकार. लेपर्ड गेको ही पाल जन्मभर प्रामुख्याने कीटकांवरच जगते. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पिल्लू असताना मुख्यतः कीटक खातो आणि वाढत्या वयाबरोबर पालेभाज्यांकडे वळतो.

कोणत्या किड्यात प्रथिने जास्त, हा पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तोच सर्वांत कमी महत्त्वाचा. प्रथिनांची वानवा यांपैकी बहुतेकांत नसते. फसगत होते ती पाण्यामुळे. पूर्ण वाढलेल्या रातकिड्यात सुमारे ६९ टक्के पाणी, २० टक्के प्रथिने आणि ७ टक्के मेद असतो. रेशीमकिड्याच्या अळीत प्रथिने जेमतेम ९ टक्के दिसतात, पण तिच्या वजनाचा ८३ टक्के भाग निव्वळ पाण्याचा असतो; पाणी वजा केले, तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक प्रथिनेच सापडतात. मेदाच्या बाबतीत मात्र फरक खरा आहे. मीलवर्ममध्ये सुमारे १३, सुपरवर्ममध्ये १८, तर मेणपतंगाच्या अळीत तब्बल २५ टक्के मेद असतो. ही अळी म्हणजे सरड्यांची मिठाई. तिची चटक लागलेला प्राणी रातकिड्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि लठ्ठ होत जातो. आजारातून उठलेल्या, हाडे वर आलेल्या प्राण्याला ती जरूर द्यावी, एरवी क्वचितच.

खरी उणीव कॅल्शियमची. कीटकाला हाडे नसतात. त्याचे कवच कायटिन व प्रथिनांचे बनलेले असते, त्यामुळे शरीरात कॅल्शियम साठवण्याचे त्याला कारणच नसते. सरीसृपांच्या आहारात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम निदान बरोबरीने, शक्यतो दीड ते दुप्पट असावे लागते. १०० ग्रॅम रातकिड्यांत सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २९५ मिलिग्रॅम फॉस्फरस भरते, म्हणजे प्रमाण एकास सात. मीलवर्ममध्ये ते एकास सतरा. याला सणसणीत अपवाद ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीचा: तिच्या कातडीत कॅल्शियम कार्बोनेट साचत असल्याने कॅल्शियम फॉस्फरसच्या अडीचपट भरते. पण बेडकांवरच्या एका चाचणीत या अळ्या अख्ख्या गिळल्या गेल्यावर त्यांतला बराच भाग न पचताच बाहेर पडला. ठेचून दिल्यावर पचन सुधारले. तक्त्यातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा एकच नसतो, तो असा.

आहारातून कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून ओढून घेते. याला चयापचयी अस्थिविकार म्हणतात. पायांची बोटे थरथरतात, प्राणी पोट उचलून चालेनासा होतो, आणि खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा वाकतो. वाढत्या पिल्लांत हे लवकर दिसते. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते कातडीत तयार होण्यासाठी उन्हातले यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील) किरण. म्हणून उन्हात शेकणाऱ्या जातींना पुरेसा यूव्हीबी प्रकाश मिळाला नाही, तर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही.

उणीव भरून काढण्याचे मार्ग दोन. पहिला, भुकटी लावण्याचा: रातकिडे पिशवीत घालून कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत हलवले, की ते पिठात घोळल्यासारखे पांढरे होऊन निघतात. पिंजऱ्यात सोडल्याबरोबर ते मिशा तोंडात ओढून स्वतःला साफ करू लागतात, म्हणून प्राणी भुकेला असतानाच आणि मोजकेच किडे सोडणे शहाणपणाचे. दुसरा, गट-लोडिंगचा, म्हणजे खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस किड्यांनाच कॅल्शियमयुक्त खुराक देण्याचा. इथे प्राण्याच्या पोटात जाते ते किड्याचे मांस आणि त्याच्या आतड्यातले शेवटचे जेवण. दुकानातून उपाशी आलेला रातकिडा तसाच सोडला, तर दुसरा भाग रिकामाच राहतो. नुसत्या गाजराच्या चकतीने किड्याची तहान भागते, कॅल्शियम फारसे मिळत नाही.

बहुतेक खाद्यकीटकांत अ जीवनसत्त्वही नगण्य असते. शॅमेलिऑन सरड्यांत त्याच्या अभावी पापण्या सुजणे, कात नीट न टाकणे असे त्रास होतात. मात्र अ आणि ड ही दोन्ही मेदात विरघळणारी असल्याने अंगात साचतात. बहुजीवनसत्त्वाची भुकटी रोज लावणे घातक ठरू शकते.

रानातून पकडलेल्या किड्यांतून विविधता मिळते, पण कीटकनाशके आणि परजीवीही येतात. काजवा तर कधीच देऊ नये. त्याच्या अंगातील ल्युसिब्युफॅजिन हे विष हृदयावर आघात करते आणि एकच काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. किड्याची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नसावी, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडतात.