जावातला 'कुली' आणि त्याची जमीन

जावाच्या गावगाड्याविषयी मराठी माणूस काही वाचायला लागला, की पहिली ठेच 'कुली' या शब्दाला लागते. आपल्याकडे कुली म्हणजे स्टेशनावरचा हमाल. मध्य जावाच्या भातपट्ट्यात, योग्यकार्ता आणि सुराकार्ताच्या आसपास, 'कुली कन्चंग' म्हणजे गावातला पुरा खातेदार. पाण्याखालचं खाचर त्याचं, घर त्याचं, घराभोवतीचं परसही त्याचं. गावप्रमुख निवडताना पूर्वी मत असे ते त्याला. त्याच्या खालोखाल 'कुली गुंडुल', शब्दशः टकला कुली. याला खाचर आहे, परस नाही. त्याखाली 'कारांगकोपेक', घर आणि परस असलेला पण शेत नसलेला. त्याच्याही खाली 'इंदुंग त्लोसोर', दुसऱ्याच्या परसात झोपडं उभारून राहणारा. तळाशी ती माणसं, जी दुसऱ्याच्याच छपराखाली एका कोपऱ्यात दिवस काढतात. मुलूख बदलला की नावंही बदलतात. वरच्या थराला पूर्वेकडे 'गोगोल' म्हणतात, चिरेबोनकडे 'सिकप'.

हमालीचा शब्द खातेदाराला चिकटला, कारण या गावांत मोजली जायची ती वेठ. ज्याच्याकडे खाचराचा वाटा, त्याच्याच खांद्यावर रस्ता, पूल, पाट, रात्रीचा पहारा आणि सरकारी मळ्यातलं काम. वाटा हवा तर ओझं उचला, ओझं टाकलं तर वाटाही गेला. आपलं 'कूळ' कानाला जवळचं वाटतं, पण त्याच्याशी घोळ घालू नये. कूळ दुसऱ्याची जमीन कसतं. कुली कन्चंगला आपल्या मिरासदाराशेजारी आणि इंदुंगला उपऱ्याशेजारी बसवलं, तर चूक त्यातल्या त्यात कमी होते. जुळणी तरी पुरी होत नाहीच. मिरास विकता येत असे, गोगोलचा वाटा कित्येक गावांत विकताच येत नसे.

राजांच्या काळाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे, की तेव्हा जमीन मुबलक होती आणि माणसं थोडी. म्हणून राजे जमीन मोजत नसत, 'चाचाह' म्हणजे राबणारी कुटुंबं मोजत. १७५५ साली माताराम राज्याची दोन शकलं झाली, तेव्हा वाटणी झाली ती चाचाहच्या आकड्यांवर. त्यामुळे दोन राजांची गावं एकमेकांत अशी मिसळली, की सलग हद्द काढायचीच सोय राहिली नाही. जंगल तोडून ज्याने खाचर केलं, त्याचा त्यावर पिढीजात हक्क, अशी समजूत मात्र गावोगावी होती. अशा जमिनीला 'यासान' म्हणत, म्हणजे स्वतः घडवलेली. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

१८११ ते १८१६ या काळात जावा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि इथे हिंदुस्थानचा थेट धागा लागतो. तिथल्या ब्रिटिश कारभाऱ्यांपुढे मद्रास इलाख्यातल्या रयतवारीचा नमुना होता. सगळी जमीन राजसत्तेची, रयत तिची खंडकरी, हे सूत्र त्यांनी जावात लावलं. उत्तम खाचरावर निम्मं पीक, मध्यमावर दोन पंचमांश, हलक्यावर एक तृतीयांश, असा सारा ठरला. १८१४ पासून तो दर कसणाऱ्यावर वेगळा बसवायचा हुकूम निघाला. पण साखळी टाकून शेत न् शेत मोजायला ना माणसं होती ना वेळ. १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून आपल्याकडे जी जमाबंदी सुरू झाली, तशी मोजणी जावात तेव्हा झालीच नाही. गावावर एकरकमी आकडा टाकायचा आणि गावप्रमुखाने, म्हणजे लुराहने, तो आतल्या आत वाटायचा, असंच चाललं. ब्रिटिश गेले, डच परतले, सारा राहिला, आणि जमीन कुणाकडे किती हे ठरवणारा हात लुराहचा झाला.

खरा फेर आला तो १८३० नंतर. डच सरकारने सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. कागदावर नियम सौम्य दिसतो: गावाने एक पंचमांश जमिनीवर सरकारला हवं ते पीक काढावं, बदल्यात साऱ्यात सूट मिळावी आणि पिकाचा मोबदलाही. प्रत्यक्षात डोंगरात कॉफी, सखल भागात ऊस आणि नीळ आली, आणि उसाच्या पट्ट्यात एक पंचमांशाची मर्यादा कुणी पाळली नाही. लुराह आणि वरचे अधिकारी यांना उत्पादनावर टक्केवारी मिळे. जितका ऊस जास्त, तितकं त्यांचं घर भरे.

उसाने जमिनीच्या हक्काचं काय केलं ते नीट पाहायला हवं. उसाला भाताचंच खाचर लागतं, पाणीही तेच. लागणीपासून तोडणीपर्यंत दीड वर्ष जातं. कारखान्याला सलग मोठा तुकडा हवा, म्हणून मधले बांध मोडून ऊस लावायचा आणि पुढच्या खेपेला गावाच्या दुसऱ्या अंगाला सरकायचं. आता ज्याचं पिढीजात खाचर नेमकं त्या तुकड्यात आलं, त्याने दीड वर्ष खायचं काय? गावांनी काढलेला तोड असा, की सगळी खाचरं एकत्र धरायची, उसाचा भाग वेगळा काढायचा आणि उरलेल्याचे वाटे वेठ देणाऱ्यांत नव्याने पाडायचे. काही गावांत दरवर्षी वाटे फिरत, काहींत दोन-तीन वर्षांनी. वेठीला हात जास्त मिळावेत म्हणून यादीत नवे गोगोल घातले जात आणि प्रत्येकाचा वाटा आणखी बारीक होई. आजोबाने जंगल तोडून केलेलं यासान खाचर नातवाच्या हयातीत गावच्या वाट्यांत विरघळलं, असं कित्येक ठिकाणी झालं. १८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान भागात दुष्काळाने हजारो माणसं मेली आणि हॉलंडातही प्रश्न विचारले जाऊ लागले.

तिथून तो वाद उभा राहिला, जो आजही मिटलेला नाही. एक पक्ष म्हणे, जावाचं गाव हे मूळचंच समाईक मालकीचं, प्राचीन काळापासून जमीन वाटून घेणारं. दुसरा म्हणे, ही समाईक वहिवाट सरकारी वेठीने घडवली, मूळ हक्क जंगल तोडणाऱ्याचा. यात पैशाचा प्रश्न होता. जमीन व्यक्तीची ठरली तर खासगी भांडवलाला ती माणसामाणसाकडून खंडाने घेता येणार होती. गावची ठरली तर लुराहला गाठलं की काम झालं. १८६६ साली हॉलंडच्या संसदेत आलेला लागवडीचा मसुदा रयतेला 'मालकी' हा शब्द द्यायचा की नाही, यावरच मोडला. मग १८६७ साली चौकशीचा हुकूम सुटला. ८०८ गावांत वडीलधाऱ्यांना बोलावून विचारलं गेलं: खाचर कुणी केलं, मेल्यावर कुणाकडे जातं, विकता येतं का, वाटे कधीपासून फिरतात. या जबान्यांचं सार तीन खंडांत छापलं गेलं, पहिला १८७६ ला आणि शेवटचा १८९६ ला. तोवर निर्णय कधीच होऊन गेला होता.

माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. वाटे फिरवण्याची चाल सगळीच सरकारने आणली असं म्हणता येणार नाही, गावाची अशी समाईक जमीन आधीही असे. पण पश्चिम जावातल्या प्रेयांगानच्या डोंगराळ भागात, जिथे खाचरांत सक्तीचा ऊस शिरला नाही, व्यक्तीचा हक्क सहसा टिकला. उसाच्या आणि जड वेठीच्या पट्ट्यात फिरते वाटे पसरले. हा फरक नुसत्या प्राचीन परंपरेने समजत नाही. 'जावाचा शेतकरी जात्याच समाईक वृत्तीचा' हे वाक्य अजूनही लिहिलं जातं. ज्याच्या पाठीवर ओझं होतं, त्याने ते वाटून घेतलं, याला वृत्ती म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

१८७० चा निर्णय थोडक्यात असा: ज्या जमिनीची मालकी कुणी सिद्ध करू शकत नाही, ती सरकारची. सिद्ध करायचं ते डच कायद्याच्या अर्थाने, आणि तसा कागद गावात कुणाकडे असणार? पडीक जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने मळेवाल्यांना गेली. गावची खाचरं साखर कारखाने आता खंडाने घेऊ लागले आणि तिथेही आगाऊ पैसे लुराहच्या हातून येत. योग्यकार्ता-सुराकार्ताच्या संस्थानांत सरदारांच्या जहागिरी होत्या, त्या १९१२ नंतरच्या काही वर्षांत मोडल्या आणि आज दिसतं ते गाव तिथे तेव्हा उभं राहिलं. १९३० च्या शिरगणतीत जावा आणि शेजारचं मदुरा बेट मिळून लोकसंख्या चार कोटींच्या वर गेली होती. वाटा मिळेल या आशेवर थांबलेल्या इंदुंगांना आता वाटा उरला नव्हता.

घरातल्या वाटणीची चाल याहून वेगळी. 'सपिकुल सगेंदोंगान' असा तिचा मंत्र. पिकुल म्हणजे खांद्यावरची कावड, दोन्ही टोकांना ओझं. गेंदोंगान म्हणजे बाई पाठीवर कापडात बांधून नेते ते एकच ओझं. मुलाला कावड, मुलीला पाठीवरचं, म्हणजे दोनास एक. ही मुसलमानी वारसाशी जुळणारी चाल. शेजारच्याच घरात मात्र सगळ्या मुलांना सारखा वाटा देतात आणि त्याला 'कलिंगड चिरल्यासारखं' म्हणतात. नवराबायकोने संसारात मिळून मिळवलेलं ते 'गोनोगिनी', काडीमोड झाला तर त्यात बायकोचा हिस्सा असतो. परस हे बाईचं खरं राज्य. नारळ, केळी, फणस, हळद, दोन बकऱ्या. खाचर हातातून गेलं तरी परस शेवटपर्यंत धरून ठेवतात.

२४ सप्टेंबर १९६० ला स्वतंत्र इंडोनेशियाचा मूलभूत जमीन कायदा आला. १८७० चं सरकारी मालकीचं सूत्र रद्द झालं आणि 'हाक मिलिक' हा पूर्ण मालकीचा हक्क आला. आपल्या हक्काशी आणि मिल्कियतीशी एकाच अरबी मुळाचे हे शब्द. त्याच कायद्यात गोगोल पुन्हा भेटतो. ज्याचा तुकडा कायमचा एकच आणि मेल्यावर वारसाकडे जाणारा, त्याला मालकी; ज्याचे वाटे फिरतात, त्याला फक्त वापराचा हक्क. उसाने शंभर वर्षांपूर्वी पाडलेला भेद असा कलमात शिरला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने अतिदाट वस्तीच्या भागात खाचराची कमाल मर्यादा पाच हेक्टर ठरवली. सात वर्षं किंवा अधिक काळ गहाण पडलेली जमीन फेडीशिवाय परत द्यायची, असंही कलम त्यात होतं.

अंमल रेंगाळला. १९६३ पासून क्लातेन, बोयोलाली भागांत भूमिहीनांनी स्वतःच जमिनींवर उतरायला सुरुवात केली. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवलेल्यांची जी कत्तल झाली, तीत देशभर पाच लाख किंवा त्याहून जास्त माणसं मारली गेली, असे अंदाज आहेत. गावात ज्यांनी जमिनीचं नाव काढलं होतं, ती कुटुंबं त्यांत होती. पुढची तीस वर्षं जमीन-वाटणी हा शब्द तोंडावर आणायची कुणाची छाती नव्हती.

त्या गप्प गावांत १९७० च्या आसपास बुटक्या देठाचं भात आलं. कापणी तोवर 'आनी-आनी'ने होत असे. हे तळहातात मावणारं पातं, लाकडाच्या फळीत बसवलेलं, मधून आडवी बांबूची काडी. बोटांनी देठ ओढून पात्यावर आणायचा आणि एकेक लोंबी खुडायची. देवी श्री, म्हणजे भाताची लक्ष्मी, मोठ्या पात्याला बिचकते म्हणून हे लपवलेलं पातं. कापणीला गावातल्या शेकडो बाया येत आणि कुणालाही परत पाठवता येत नसे. कापलेल्यातला ठरलेला हिस्सा, 'बावोन', त्या घरी नेत. भूमिहीन घराचं वर्षाचं धान्य बहुधा यातूनच येई. वेठ आणि वाटा यांच्या जुन्या नात्यातला हा शेवटचा जिवंत दोरा होता, असं मला वाटतं. मग उभं पीक कापणीच्या आठवडाभर आधी व्यापाऱ्याला विकायची पद्धत पसरली. तिला 'तबासान' म्हणतात. व्यापारी आपली मोजकी टोळी आणि विळे घेऊन येई. बुटक्या देठाला विळाच सोयीचा पडे. बाया बांधावर उभ्या राहिल्या. मुसळाच्या जागी गिरण्या आल्या, तीही मजुरी गेली. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्या यशात बांधावरच्या बायांचा हिशेब कुणी धरला नाही.

आज ज्याच्याकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे, त्याला 'गुरम' शेतकरी म्हणतात. गुरम म्हणजे कोंबडीच्या अंगावरचा बारीक किडा. अशा गावात लुराहकडे मात्र 'बेंगकोक' असते. ही पदाबरोबर येणारी पगाराची जमीन, पद गेलं की परत. चारिक म्हणजे गावचा लेखनिक, उलुउलु म्हणजे पाटकरी, मोदिन म्हणजे धर्मकार्य पाहणारा, यांनाही लहान-मोठे तुकडे. आपल्या पाटलाच्या इनामासारखीच गोष्ट, फक्त वारशाने न जाणारी. महाराष्ट्रात मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, जावात बेंगकोक टिकली. २०१४ च्या गाव कायद्याने कारभाऱ्यांना गावाच्या अंदाजपत्रकातून ठरलेला पगार दिला आणि बेंगकोकचं उत्पन्न गावच्या खात्यात जावं अशी व्यवस्था आली. मध्य जावातून मोठी ओरड झाली. २०१५ च्या दुरुस्तीने ते उत्पन्न पगारावर जादा भत्ता म्हणून घ्यायची वाट मोकळी करून दिली. जमीन गावची आहे, तर तिचा खंड आधी गावच्या तिजोरीत यायला हवा होता. ही माघार मला पटत नाही.

साध्या खातेदाराचा हक्क अजूनही बऱ्याचदा 'लेटर सी' नावाच्या साऱ्याच्या वहीत असतो. चारिकच्या कपाटातली ही वही, तिच्यावरून मिळणारा उतारा तो 'गिरिक'. सारा कोण भरतो एवढंच ती सांगते, पण गावात तिलाच मालकीचा कागद मानतात. सात-बाराचा अनुभव असलेल्याला हे वेगळं समजवायला नको. २०१७ पासून गावंच्या गावं सरसकट मोजून सनदा द्यायची मोहीम चालू झाली, आणि २०२१ च्या सरकारी नियमाने अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती फेब्रुवारी २०२६ ची.