घोडीला भगवा बांबू दिसतो का?

घोडं अडलं की गावात दोनच निदानं होतात. एक, नजर लागली. दोन, मातलं. पहिल्यावर उपाय काळा दोरा, दुसऱ्यावर चाबूक. दारव्हा तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरची बुटकी घोडी यंदा पावसाळ्यात उड्या नाकारायला लागली, तेव्हा तिच्यावर दोन्ही उपाय होऊन गेले होते. घरचा मुलगा एनसीसीत घोडेस्वारी शिकलेला. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात आडवे बांबू बांधून तो तिच्याकडून सराव करून घ्यायचा आणि अडीच फुटांचा बांबू ती आरामात ओलांडायची. ऑगस्टमध्ये मात्र बांबूजवळ आली की पुढचे पाय रोवून उभी. "काहून अडते काई समजत नाही, पायाले तं काई झालं नाही," असं त्याच्या वडिलांनी मला फोनवर सांगितलं.

पायाला काही झालं नाही, हे नुसतं बघून कळत नाही. घोडा शिकार होणाऱ्यांच्या वंशातला. दुखणं तो शक्यतो दाखवत नाही. नुसता उभा असला तरी त्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि उडीनंतर तो आधी टेकतो पुढच्याच पायांवर, तेही एकामागून एक. त्यामुळे चालताना न जाणवणारी खुराची कळ उतरताना जाणवते. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात खूर मऊ पडतं, बारीक खडा आत शिरतो, आत पू धरतो. खूर हाताला गरम लागतं का, कडक जमिनीवर गोल फिरवताना पाऊल आखूड पडतं का, हे जनावरांच्या डॉक्टरकडून बघून घ्यायचं. पावसाळी गवतावर घोडी जाड होते आणि उन्हाळ्यात बसलेलं खोगीर पाठीला चावू लागतं, तेही बघायचं. लगामाची कडी दाढेवर घासते का? अधूनमधून ताप येऊन घोडी खंगते आहे का? तसं असेल तर चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग असू शकतो. त्याचे परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्याच रक्तात पाहिले. डोळा वारंवार सुजून पाणी गळण्याचाही एक रोग आहे. युरोपात पूर्वी लोक तो चंद्राच्या कलांशी जोडत, म्हणजे दृष्ट काढणारे फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

डॉक्टरांनी हे सगळं तपासलं. खोगीर थोडं घट्ट निघालं, ते सैल करून घेतलं. घोडी अडायची ती अडलीच.

मग मी विचारलं, बांबू कोणत्या रंगाचे? पावसात कुजू नयेत म्हणून जूनमध्ये त्यांना देवळाच्या रंगकामातून उरलेला भगवा ऑइलपेंट मारला होता. आणि वावर? धुऱ्यापर्यंत हिरवंगार गवत.

आता घोड्याच्या डोळ्यात शिरू. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंगासाठी तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात, घोड्याच्या पडद्यावर दोनच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार त्यातली एक ४२८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाच्या लाटेची ही लांबी बदलली की रंग बदलतो), म्हणजे निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, दुसरी ५३९ च्या, हिरवट प्रकाशाला. यातली मेख अशी की कोणतीही एकटी शंकूपेशी रंग ओळखत नाही. आलेल्या प्रकाशकणांपैकी किती पकडले, एवढाच हिशेब ती पुढे पाठवते. ते कण कोणत्या तरंगलांबीचे होते ही माहिती पकडण्याच्या क्षणीच हरवते. ६०० नॅनोमीटरचा भरपूर प्रकाश आणि ५५० चा थोडा प्रकाश, दोन्हींवर तिचा आकडा सारखाच येऊ शकतो. रंग ठरतो तो दोन पेशींच्या आकड्यांचं गुणोत्तर पाहून. पण साधारण ५५० च्या पुढे घोड्याची निळी पेशी जवळपास गप्पच असते. गुणोत्तर काढायला दुसरा आकडाच नाही! हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल या पट्ट्यात त्याच्याकडे फरक उरतो तो उजेड-अंधाराचा. आपल्याकडे ५६० च्या आसपासची तिसरी पेशी आहे, म्हणून आपली सुटका होते. माकडांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजांत काही कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची जास्तीची प्रत तयार झाली आणि ती प्रत पुढे थोडी बदलली, त्याची ही देणगी. घोड्यांच्या वंशात ते घडलं नाही. बैलांच्याही नाही, लाल कापड पाहून बैल चवताळतो ही थाप आहे, आणि पोळ्याला शिंगांना मारलेला लाल रंग आपल्याच हौसेसाठी असतो.

तेव्हा हिरव्या गवतावरचा भगवा बांबू आपल्याला ओरडून दिसतो, घोडीला मात्र मळकट पिवळ्यावर मळकट पिवळा. उन्हाळ्यात तोच बांबू रंगाविना होता, वाळून फिकट पडलेला, आणि खाली काळी उघडी माती. ते उजेडाचं अंतर तिला पुरत होतं.

त्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. दोन्ही डोळे मिळून ती जवळजवळ ३५० अंशांचा परिसर पाहते, पण कपाळासमोर आणि नाकाखाली आंधळा पट्टा राहतो. झेप घेण्याच्या आधीच्या शेवटच्या क्षणी बांबू नेमका या पट्ट्यात जातो. म्हणजे उडी ती आठवणीवर मारते आणि अंदाज त्याआधी काही पावलं बांधलेला असतो. दुरून कड दिसलीच नाही तर अंदाज कशावर बांधणार? लगाम आवळून मान खाली दाबली तर डोकं उचलून नीट बघण्याची सोयही जाते. घाबरलेले स्वार नेमकं तेच करतात.

ही माझी कल्पनाशक्ती नव्हे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी शर्यतींचे अडथळे घोड्याच्या नजरेतून तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नारिंगी रंग घोड्यांना फारसा उठून दिसत नव्हता. पांढरा, झगझगीत पिवळा आणि निळा त्याहून ठळक ठरले. रंग बदलला की घोड्यांच्या उडीचा आकारही बदलत होता. नंतर ब्रिटिश शर्यतींतले अडथळे नारिंगीऐवजी पांढरे करायला घेतले गेले. आपल्याकडे मात्र घोड्याच्या मनातलं फोटोवरून ओळखून देणारे "तज्ज्ञ" मोबाइलवर पैसे घेतात. त्यापेक्षा चुन्याचं पाकीट स्वस्त.

मुलाला सांगितलं, सगळे बांबू एकदम रंगवू नको. निम्म्यांना चुना मार, निम्मे भगवेच ठेव, आणि त्यांच्या जागा रोज बदल. नाहीतर घोडी रंगाला अडते की जागेला, हे कळणार नाही. पांढऱ्यांवरून ती पहिल्याच आठवड्यात जाऊ लागली. भगव्यांपाशी बहुतेक वेळा थांबते. विहिरीकडच्या जागी मात्र संध्याकाळी पांढऱ्यालाही थांबते. तिथे मावळतीचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येतं. आता तोच बांबू सकाळी, उन्हाकडे पाठ करून लावून बघायचा आहे.