बदनामीच्या भीतीचं मोजमाप

एचआयव्हीच्या बाबतीत औषधांनी आपलं काम चोख केलं आहे. 2011 साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्या केंद्रांमध्ये पुणे आणि चेन्नईही होतं. बाधित व्यक्तीने एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी, औषधं लवकर सुरू केली, तर तिच्याकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, असं त्यात दिसलं. ती जोडपी जवळपास सगळी स्त्री-पुरुषांची होती. समलिंगी पुरुषांचं काय, याचं उत्तर 2019 मध्ये युरोपातून आलं. 782 जोडपी, प्रत्येकात एक जोडीदार बाधित, पण औषधांमुळे त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झालेला, आणि कंडोमशिवाय आलेले सुमारे 76 हजार संबंध. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

लागण होण्याआधीच घ्यायची गोळीही आहे. तिला प्रेप म्हणतात. 2010 मध्ये जाहीर झालेल्या, सहा देशांतल्या चाचणीत 2,499 जण होते: पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. सरसकट हिशेब केला तर गोळीमुळे लागण 44 टक्क्यांनी घटली. मात्र ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडलं, त्यांच्यात संरक्षण 90 टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे गोळ्या हाती पडूनही अनेकांनी त्या नेमाने घेतल्याच नव्हत्या.

गोळी चुकण्याची कारणं पुष्कळ असतात. मळमळते, विसरायला होतं, कंटाळा येतो. पण एक कारण आपल्याकडच्या कोणत्याही समुपदेशकाला विचारा, तो लगेच सांगेल: डबी ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात कपाट सगळ्यांचं असतं. एआरटी घेणारे कितीतरी जण डबीवरचं लेबल खरवडून काढतात, गोळ्या दुसऱ्याच डबीत ओततात, घरी पाहुणे आले की त्या दिवसाचा डोस चुकवतात. इथून पुढचा प्रदेश मानसशास्त्राचा.

भारतात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र ते 3 टक्क्यांच्या पुढे जातं. यात जीवशास्त्राचा वाटा आहेच. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं आणि तिथून विषाणू सहज शिरतो. पण चाचणीला कोण येतं, कधी येतं आणि खरं किती सांगतं, हे अस्तरावर ठरत नाही.

अमेरिकी संशोधक इलन मायर यांनी 1995 मध्ये आणि पुढे 2003 मध्ये एक मांडणी केली, तिला अल्पसंख्याक-ताण म्हणता येईल. नोकरी, पैसा, आजारपण यांचा ताण सगळ्यांनाच असतो. समलिंगी व्यक्तीला त्याच्या वर आणखी एक थर वाहावा लागतो. मारहाण, टोमणे, नोकरी जाणं हा त्याचा उघड दिसणारा भाग. न दिसणारा भाग डोक्यात चालतो: आता कोणीतरी काहीतरी बोलेल ही सततची धास्ती, स्वतःला लपवण्याचे कष्ट, आणि लहानपणापासून ऐकलेलं ‘हे घाणेरडं आहे’ हे वाक्य स्वतःबद्दल खरं मानून बसणं. मायर यांचं म्हणणं असं, की समलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात त्याचं मूळ त्यांच्या लैंगिकतेत शोधू नका, या थरात शोधा.

लपवण्याचे कष्ट हा काही नुसता बोलण्याचा भाग नाही. 2014 मध्ये क्लेटन क्रिचर आणि मेलिसा फर्ग्युसन यांनी ते प्रयोगशाळेत मोजले. विद्यार्थ्यांची एक छोटी मुलाखत घ्यायची, विषय आवडीनिवडीचा, जोडीदार कसा हवा वगैरे. काहींना सूचना एकच: बोलताना आपला लैंगिक कल कळू द्यायचा नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना बुद्धीची आणि ताकदीची कामं दिली. ज्यांनी काही मिनिटं शब्द जपून वापरले होते ते आकृत्यांच्या कोड्यांत मागे पडले, हाताची पकड दाबून धरण्यातही लवकर थकले. आणि यात सहभागी झालेल्यांना खऱ्या आयुष्यात या मुलाखतीपासून कसलाच धोका नव्हता. आता ऑफिसात डबा खाताना रोज ‘काय रे, लग्नाचं बघताय की नाही?’ याला उत्तर देणारा तिशीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याची ही मुलाखत वर्षानुवर्षं चालू असते.

शरीरावर काय होतं, याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा लॉस एंजेलिसचा आहे. स्टीव्ह कोल आणि सहकाऱ्यांनी 80 एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांचा नऊ वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला सगळे एरवी निरोगी होते, आणि तो काळ आजच्या प्रभावी औषधांच्या आधीचा. 1996 मध्ये निष्कर्ष आले: जे आपली ओळख लपवत होते त्यांच्यात आजार लवकर बळावला. सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशी लवकर घसरल्या, एड्सचं निदान लवकर झालं, मृत्यूही लवकर आला. जितकं लपवणं जास्त, तितका वेग जास्त. व्यसनं, व्यायाम, नैराश्य यांचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला.

हे वाचून ‘मग सांगून टाका की सगळ्यांना’ असा सल्ला द्यायचा मोह होतो. थांबा. त्याच गटाने पुढच्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष छापला, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नाकारलं जाण्याची ज्यांना तीव्र धास्ती होती, अशा पुरुषांमध्ये आजार झपाट्याने वाढला होता. पण याच धास्तावलेल्यांपैकी जे आपली ओळख लपवून होते, त्यांच्यात तो वेग दिसला नाही. म्हणजे काहींच्या बाबतीत लपवणं ही ढाल होती. इतक्या थोड्या जणांच्या अभ्यासांवरून कार्यकारणभाव छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि संशोधकांनीही तसा आव आणला नाही. पण एक गोष्ट यातून नक्की कळते. लपवण्याचा जीवाला जाच होतो आणि उघड होण्याचाही होऊ शकतो. कोणता जास्त, हे घर, गाव आणि खिशातला पैसा ठरवतात. वडिलांच्या शेतावर राबणाऱ्या, दुसरं छप्पर नसलेल्या मुलाला मुंबई-पुण्यात बसून ‘बाहेर ये’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

धास्ती येते तरी कुठून? दक्षिण भारतात वेन स्टुअर्ड आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्री-पुरुषांशी बोलून हे तपासलं, आणि पुढे 229 जणांची पाहणी केली. स्वतः प्रत्यक्ष हाकललं गेल्याचे, अपमान झाल्याचे अनुभव त्यांना अपेक्षेपेक्षा कमी आढळले. भीती मात्र प्रचंड. ती आली होती ऐकलेल्या गोष्टींतून: अमक्याला गावाबाहेर काढलं, तमकीच्या अंत्ययात्रेला कोणी आलं नाही. संशोधकांना आपल्या मूळ आराखड्यात नव्हता असा एक प्रकार त्यामुळे नव्याने घालावा लागला, दुसऱ्याच्या कहाणीतून अंगाला लागणारा कलंक. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ हे शिकवायला कुणी लोकांची प्रत्यक्ष वाट पाहत नाही, कहाणी पुरते.

अशा कहाण्या सरकारही घडवतं. 2001 च्या जुलैमध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडलं. कंडोम आणि माहितीपत्रकं वाटणारी ही माणसं 47 दिवस तुरुंगात होती. त्यानंतर देशभरातल्या किती जणांनी कंडोम घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, सांगितलं की या कलमामुळे समलिंगी पुरुष दडून राहतात आणि प्रतिबंधाचं काम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्याच खटल्यात केंद्राचंच गृह खातं कलम ठेवा म्हणून उभं होतं. 2009 चा उच्च न्यायालयाचा सुटकेचा निकाल, 2013 ची उलथापालथ आणि 6 सप्टेंबर 2018 चा संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे.

कायद्याचा मनावर परिणाम होतो का, याचं उत्तर अमेरिकेतून मिळतं. 2004-05 च्या सुमारास तिथल्या काही राज्यांनी राज्यघटना दुरुस्त करून समलिंगी विवाहावर बंदी आणली. योगायोगाने एका राष्ट्रीय पाहणीत तीच माणसं बंदीच्या आधी आणि नंतर मुलाखतीत भेटली होती. मार्क हॅट्झनब्युलर यांनी ती माहिती पडताळली. बंदीच्या राज्यांत समलिंगी आणि उभयलिंगी लोकांमधले मनोविकार ठळकपणे वाढले होते, भावस्थितीचे विकार सुमारे 37 टक्क्यांनी. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. मतपेटीतला निकाल घरात बसलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाच्या झोपेपर्यंत पोचला होता.

आता एक कोडं. 2010 मध्ये युरोपात 38 देशांतल्या 1 लाख 74 हजारांहून अधिक पुरुषांची इंटरनेटवर पाहणी झाली. जॉन पचँकिस, हॅट्झनब्युलर आणि सहकाऱ्यांनी त्या देशांचे कायदे आणि जनमत यांच्याशी ती माहिती ताडून पाहिली. जिथे समाज जास्त कठोर, तिथे एचआयव्हीचं निदान झालेले पुरुष कमी निघाले! एखादा संस्कृतिरक्षक हा आकडा घेऊन मिरवणूक काढेल. पण पुढचे रकाने पाहा. अशा देशांत पुरुषांचे जोडीदार कमी होते, कारण सगळेच दडलेले, भेटणार कोण कोणाला? मात्र जे संबंध येत ते जास्त जोखमीचे. माहिती अपुरी, कंडोम हाताशी नाही, चाचणी केलेली नाही, आणि केली तरी तिथे आपल्या लैंगिकतेबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. या सगळ्याला जोडणारा दुवा लपवणं हाच होता. अशा ठिकाणी विषाणू एकदा शिरला की त्याला अडवायला काहीच तयार नसतं. शिवाय चाचणीच कमी, म्हणून निदानही कमी.

या ज्ञानाचा उपयोग काय, तर त्याचं उत्तर मुंबईत आहे. 1994 पासून तिथे काम करणारी हमसफर ट्रस्ट, चेन्नईतली क्षयरोग संशोधनाची राष्ट्रीय संस्था आणि अमेरिकेतले स्टीव्हन सॅफ्रन यांच्या गटाने दोन्ही शहरांतल्या 608 पुरुषांवर चाचणी घेतली. निष्कर्ष 2021 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाला नेहमीची तपासणी आणि समुपदेशन. दुसऱ्याला तेच, शिवाय चार सामूहिक आणि सहा वैयक्तिक बैठका. भर कंडोमच्या प्रात्यक्षिकापेक्षा स्वतःला स्वीकारण्यावर होता: स्वतःबद्दल काय वाटतं, घरचा दबाव, लग्नाचा तगादा, आणि यातून तगून कसं राहायचं. वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा दुसऱ्या गटात कंडोमशिवाय आलेले संबंध पहिल्यापेक्षा बरेच जास्त घटलेले दिसले. ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही तो स्वतःला जपणार कशासाठी, हा अंदाज अनुभवी कार्यकर्त्यांना आधीपासून होता. आता तो तपासून पाहिला गेला.

फार हुरळून जाऊ नये, हेही सांगतो. पचँकिस यांनी न्यूयॉर्कमध्ये 63 तरुणांवर अशाच धर्तीची दहा बैठकांची उपचारपद्धती वापरली होती आणि 2015 मधले तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते: नैराश्य कमी, दारू कमी, जोखीम कमी. न्यूयॉर्क आणि मायामीतल्या 254 जणांच्या पुढच्या चाचणीत फरक तितका ठळक उरला नाही. विज्ञानात हे घडतं. बाहेरचं जग तसंच राहिलं, तर आठवड्यातून एक तास मनाला बळ देऊन किती पुरणार, हाही प्रश्न आहेच.

आणखी एक अडचण या सगळ्या अभ्यासांना चिकटलेली आहे. त्यांत येतो तो, जो कोणाकडे तरी आला. संस्थेच्या ड्रॉप-इन सेंटरमध्ये, पाहणीच्या दुव्यावर, कार्यकर्त्याच्या ओळखीने. बायको-मुलं असलेला, तालुक्याच्या गावी दुकान चालवणारा, महिन्यातून एकदा फोनवरच्या ॲपवरून कोणाला तरी भेटणारा माणूस कोणत्याच तक्त्यात नाही. तो आणि त्याची बायको, दोघंही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून एचआयव्हीची स्वतः घरी करायची चाचणी सुचवली आहे, ती अशांना उपयोगी पडू शकते. नॅकोची 1097 ही मदतवाहिनीही आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

पण यातला बराचसा भार शेवटी येतो तो सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राच्या, खोलीवर. चाचणी मोफत आहे, आणि 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचं बंधनही आहे. तरी खोलीवर ठळक पाटी असते, बाहेरच्या बाकावर गावातलं कोणीतरी बसलेलं असतं, आणि आत गेल्यावर समुपदेशक केस पेपर पुढे ओढून विचारतात, ‘लग्न झालंय?’ समोरचा ‘हो’ म्हणतो. प्रश्न तिथेच संपवला तर जोखीम कागदावर येतच नाही. समुपदेशकाने मान वर करून, आवाज न बदलता, ‘संबंध स्त्रियांशी येतात, पुरुषांशी, की दोघांशी?’ एवढं विचारायला एक मिनिट लागतं. ते प्रशिक्षणात शिकवता येतं, आणि प्रत्येक केंद्रात विचारलं जातं का, हे तपासताही येतं.